जोतीरावांचा डावा हात

इसवी सन १८८८ च्या मे महिन्याच्या ११ तारखेस मुंबईंत मांडवी येथील कोळीवाड्यांत एक मोठी सभा भरली होती. रावबहादूर विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांच्या पुढाकारानें त्या सभेंत जोतीराव गोविंदराव फुले यांस लोकांनीं ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. चाळीस वर्षांपूर्वीं, १८४८ सालीं, पुण्यांत मुलींची शाळा उघडून ज्या कार्यास आरंभ झाला, त्याचा हा गौरव होता. जोतीरावांचें वय त्या वेळीं एकसष्ट वर्षांचें होतें, पण कामाचा झपाटा कमी झाला नव्हता. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यास जी मेजवानी झाली, तिला ते शेतकऱ्याच्या वेषांत गेले होते आणि खेड्यांतील रयतेची दैना त्यांनीं राजपुत्रासमोर उघड मांडली होती.

पदवी मिळून दोनच महिने लोटले आणि जुलै महिन्यांत जोतीरावांवर पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली. ज्या हातानें १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ आणि १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो हात आतां लेखणी धरीना. आयुष्यभर ज्या विचारांचा पुरस्कार केला त्यांची एकत्र मांडणी करणारा ग्रंथ मात्र अजून लिहावयाचा राहिला होता.

यानंतर जोतीराव सव्वादोन वर्षें जगले. त्यांच्या चरित्रांत हा काळ बहुधा थोडक्यांत आटोपला जातो. कारण शाळा, सभा, वादविवाद, सत्यशोधक समाजाची स्थापना हे ठळक प्रसंग त्यापूर्वींच घडून गेलेले असतात. परंतु पक्षाघातानंतर माणसास पुन्हा उभें करतां येतें कीं नाहीं, आणि येत असल्यास तें कशाच्या बळावर, हा प्रश्न ज्या घरास पडला आहे, त्या घरानें जोतीरावांच्या चरित्रांतील हींच सव्वादोन वर्षें सर्वांत बारकाईनें पाहावीं.

असें घर कोणत्याही गांवीं असूं शकतें. पुण्याहून शेंकडों कोस पूर्वेस, भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यांत दिघोरी हें गांव आहे. जोतीराव आजारी पडले त्या काळीं हा जिल्हा मध्यप्रांतांत मोडत असे. हा सारा मुलूख धानाचा. बांधींत चिखल तुडवून रोवणी करणाऱ्या माणसाचें जगणें दोन हात आणि दोन पाय यांवर उभें असतें. अशा घरांतील कर्त्या माणसास लकवा मारला, म्हणजे शेजारीपाजारी हळू आवाजांत एकच गोष्ट बोलतात, ती म्हणजे ‘आतां याचें संपलें.’ कोणी म्हणतो अंगावरून वारें गेलें. कोणी बाहेरची बाधा सांगतो. कोणी पारव्याचें रक्त चोळण्याचा सल्ला देतो. दोनचार आठवडे धांवपळ होते. मग ओसरीच्या कोपऱ्यांत बाज पडते आणि रोग्यानें त्या बाजेवर उरलेलें आयुष्य काढावयाचें, हें सर्वांनीं मनोमन ठरवून टाकलेलें असतें. रोग्याचें लुळेपण जितकें आघातामुळें, तितकेंच पुष्कळदां या ठरवून टाकण्यामुळेंही वाढतें.

हा आजार नवा नाहीं. चरकसंहितेंत वातव्याधींच्या प्रकरणांत पक्षाघाताचें वर्णन असून स्नेहन, स्वेदन आणि विरेचन हे उपचार त्यावर सांगितले आहेत. युरोपांतील वैद्यांसही त्याचें बाह्य रूप फार प्राचीन काळापासून ठाऊक होतें. पण त्याचें मूळ कोठें, हें त्यांस कळण्यास सतरावें शतक उजाडावें लागलें. स्वित्झर्लंडमधील वैद्य योहान याकोब वेप्फर यानें या रोगानें मेलेल्या माणसांचीं शिरें तपासून १६५८ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, अशा रोग्यांच्या मेंदूंत रक्त सांडलेलें आढळतें. पुढें असेंही कळून आलें कीं, बहुतेक रोग्यांच्या बाबतींत रक्तवाहिनी फुटत नाहीं, तर तुंबते. आणि रक्त न मिळाल्यामुळें मेंदूचा तेवढा भाग मरूं लागतो. म्हणजे हात लुळा पडतो तेव्हां हाताच्या स्नायूंस कांहींच झालेलें नसतें. त्यांस हुकूम देणारें ठाणें वर मेंदूंत उद्ध्वस्त झालेलें असतें.

ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे पुढचें कोडें सुटतें. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू हालवितो आणि उजवा भाग डावी बाजू हालवितो. १८६१ सालीं पॅरिस येथें पॉल ब्रोका या शस्त्रवैद्यापुढें असा एक रोगी आला कीं, त्यास ‘टॅन’ या एका अक्षराखेरीज बहुधा कांहींच उच्चारतां येत नसे. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासतां डाव्या भागांत, पुढील बाजूस, विकृति आढळली. तेव्हांपासून वाचेचें ठाणें बहुतेक माणसांत डाव्या मेंदूंत असतें, हें मान्य झालें. म्हणूनच ज्यांची उजवी बाजू जाते, त्यांतील पुष्कळांची वाचाही जाते किंवा अडखळते. जोतीरावांची उजवी बाजू गेली होती. अर्थात् घाव डाव्या मेंदूवर बसला होता. तरीही त्यांनीं पुढें सुसंगत असा संपूर्ण ग्रंथ रचिला, त्यावरून त्यांची भाषाशक्ति शाबूत राहिली होती, हें उघड आहे. हात गेला, पण शब्द उरले. आपल्याजवळ काय उरलें आहे तें ओळखणें, हीच पुनः उभें राहण्याची पहिली पायरी होय.

१८८८ सालीं पुण्यांतील वैद्यकाच्या हातीं साधनें फार थोडीं होतीं. आज प्रत्येक दवाखान्यांत दंडास पट्टा बांधून रक्तदाब मोजतात. तो पट्टा इटालियन वैद्य रिव्हा-रोच्ची यानें १८९६ सालीं प्रचारांत आणिला. म्हणजे जोतीरावांच्या आजाराच्या वेळीं रोग्याच्या उशाशीं बसून रक्तदाब मोजण्याची सोपी सोयच नव्हती. मेंदूचें छायाचित्र काढणें तर स्वप्नांतही नव्हतें. स्नायूंस व्यायाम देऊन रोग्यास चालता करणें हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून तेव्हां उभा राहिला नव्हता. विलायतेंत मर्दनविद्या शिकलेल्या चार स्त्रियांनीं त्या धंद्याची पहिली संघटना स्थापन केली, ती १८९४ सालीं.

अशा काळांत जोतीरावांवर उपचार केले, ते डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनीं. घोले हे नामांकित शस्त्रवैद्य आणि सत्यशोधक समाजाचे एक प्रमुख आधारस्तंभ होते. म्हणजे रोग्याच्या घरीं आलेला वैद्य हा त्याचा सहकारीही होता. शुश्रूषेचा भार सावित्रीबाईंवर पडला. पक्षाघात झालेल्या माणसाची शुश्रूषा म्हणजे काय, हें ज्यानें केलें त्यासच कळतें. कुशीवर वळविणें, उठवून बसविणें, भरविणें, अंग पुसणें, कपडे चढविणें, आणि रात्रीं पुन्हा पुन्हा उठणें. या कामांस सुटी नसते. सावित्रीबाई त्या वेळीं साठीच्या उंबरठ्याकडे चालल्या होत्या. त्यांच्या शाळांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु जोतीरावांच्या अखेरच्या ग्रंथामागें त्यांचे हे दिवस आणि ह्या रात्री उभ्या आहेत, हेंही स्मरणांत ठेविलें पाहिजे.

उजवा हात परत येत नाहीं असें पाहून जोतीरावांनीं डाव्या हातानें लिहिण्यास सुरुवात केली, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. हें वाक्य वाचावयास सोपें आहे. प्रत्यक्षांत एकसष्ट वर्षांच्या माणसानें तें करणें म्हणजे पुन्हा धुळाक्षरांपाशीं येऊन बसणें होय. डाव्या हातास अक्षराचें वळण ठाऊक नसतें. आपली लिपि डावीकडून उजवीकडे जाते. त्यामुळें डाव्या हातानें लिहिणाऱ्याचा पंजा नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून सरकतो आणि शाई फांसते. उजवा हात लुळा असल्यानें कागद दाबून धरावयास दुसरा हात नसतो. त्यावर कांहीं वजन ठेवावें लागतें किंवा घरच्या कोणास तरी तो धरावा लागतो. बसतांना लुळ्या बाजूस तोल जातो. थोड्याच वेळांत थकवा येतो, आणि हा थकवा मेंदूचा असल्यानें तो निरोगी माणसाच्या थकव्याहून फार निराळा असतो. अशा स्थितींत ओळीमागून ओळ लिहून जोतीरावांनीं १८८९ सालीं आपला ग्रंथ पुरा केला. तोच ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’.

या ग्रंथाची घडण प्रश्नोत्तरांची आहे. कोणी शंका विचारतो आणि जोतीराव तिचें उत्तर देतात. सर्व मनुष्यांस एका निर्मिकानें निर्माण केलें, स्त्री व पुरुष यांचे हक्क सारखे आहेत, आणि सत्यानें वागणें हाच धर्म, असें त्यांतील विवेचन आहे. ग्रंथांत आजाराचें रडगाणें नाहीं. माणूस अंथरुणास खिळला म्हणून त्याचे विचारही अंथरुणास खिळलेच पाहिजेत असें नाहीं, हें त्याच्या पानोपानीं दिसतें. त्याच काळांत, १८८९ च्या फेब्रुवारी महिन्यांत, दत्तक पुत्र यशवंत याचा विवाहही सत्यशोधक पद्धतीनें पार पडला. घरांत आजारी माणूस होता, तरी घराचे व्यवहार थांबले नव्हते आणि त्या व्यवहारांतून आजारी माणसास वगळलेंही नव्हतें.

या कथेस एक कडू बाजू आहे. आजार लांबला म्हणजे पैसा आटतो. एके काळीं ठेकेदारीच्या व्यवसायांत चांगली मिळकत केलेल्या जोतीरावांचें घर अखेरच्या दिवसांत ओढग्रस्तीला आलें. १८९० सालीं मामा परमानंद यांनीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांस पत्र लिहून या कुटुंबाच्या हलाखीकडे त्यांचें लक्ष वेधिलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्याच्या २८ तारखेस जोतीरावांचें निधन झालें. ग्रंथ छापून निघाला तो १८९१ सालीं. लेखकास तो पाहावयास मिळाला नाहीं.

तेव्हां जोतीराव ‘बरे झाले’ असें म्हणतां येईल काय? उजवा हात परत आला नाहीं आणि आयुष्यही दीर्घ लाभलें नाहीं. बरें होणें म्हणजे शरीर पूर्ववत् होणें एवढाच अर्थ घेतला, तर या प्रश्नास ‘नाहीं’ असेंच उत्तर द्यावें लागेल. परंतु आजारापूर्वीं जें काम त्यांस स्वतःचें वाटत होतें, तेंच काम आजारानंतरही त्यांनीं केलें आणि पुरें केलें. आजचें पुनर्वसनशास्त्र यशाचें मोजमाप करतांना स्नायूंच्या बळाबरोबरच हेंही पाहतें कीं, माणूस आपल्या जीवनांतील कोणतें कर्म पुन्हा आपलेंसें करूं शकला. त्या मापानें पाहतां जोतीरावांनीं फार मोठें यश मिळविलें.

अशीच एक कथा फ्रान्समध्यें घडली होती. १८६८ च्या ऑक्टोबर महिन्यांत लुई पाश्चर यांस वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं पक्षाघात झाला आणि त्यांची डावी बाजू लुळी पडली. ते त्या वेळीं रेशमाच्या किड्यांच्या रोगावर संशोधन करीत होते. भंडारा जिल्ह्यांत कोशाचें कापड विणणारे विणकर आहेत. त्यांस या विषयाचें महत्त्व सांगावयास नको. तीनच महिन्यांनीं पाश्चर पुन्हा दक्षिण फ्रान्समध्यें त्या कामावर हजर झाले. डावा हात आणि पाय यांत जन्मभर ताठरपणा राहिला. पण पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस त्यांनीं एका मुलास प्रथम टोंचविली, ती १८८५ सालीं, म्हणजे झटक्यानंतर सतरा वर्षांनीं. नाजूक प्रयोग करण्यास त्यांनीं सहकाऱ्यांचे हात वापरले. पुण्यांत घरची माणसें जोतीरावांच्या उपयोगीं पडलीं, तसे पॅरिसमध्यें पाश्चर यांस शिष्य आणि सहकारी उपयोगीं पडले. मदत घेणें हा पराभव नव्हे, हें दोघांच्याही चरित्रांत सारखेंच दिसतें.

येथें एका गैरसमजाविषयीं सावध राहिलें पाहिजे. जोतीरावांनीं डाव्या हातानें लिहिलें, म्हणून प्रत्येक रोग्यानें लुळा हात सोडून द्यावा आणि चांगल्या हातानेंच सारें करावें, असा बोध कोणी घेईल, तर तो चुकीचा ठरेल. १९१७ सालीं अमेरिकेंत ऑग्डेन आणि फ्रांझ या दोघां संशोधकांनीं माकडांवर प्रयोग करून पाहिले. मेंदूवरील आघातानें एक बाजू लुळी पडलेल्या माकडाचा चांगला हात बांधून ठेविला आणि लुळ्या हातास सतत कामास लाविलें, तर तो हात पुष्कळ अंशीं सुधारे. मोकळें सोडलेलें माकड मात्र लुळा हात वापरीतच नसे. पुढें एडवर्ड टाउब यांनीं याचें कारण उलगडलें. सुरुवातीच्या दिवसांत लुळा हात हालविण्याचा प्रत्येक प्रयत्न फसतो, म्हणून प्राणी तो हात न वापरण्याची संवयच लावून घेतो. आणि मेंदू सांवरूं लागल्यावरही ती संवय सुटत नाहीं. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चांचणींत दोनशेंहून अधिक रोग्यांवर ही पद्धत तपासली गेली. मनगट आणि बोटें यांत थोडी तरी हालचाल उरलेल्या रोग्यांचा चांगला हात दिवसाचा बहुतेक वेळ हातमोज्यांत गुंतवून ठेविला आणि दोन आठवडे दुबळ्या हाताकडून कसून काम करून घेतलें. त्यांची सुधारणा इतरांहून अधिक झाली आणि ती वर्षभर टिकली.

मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाहीं, पण शेजारचे भाग त्याचें काम शिकूं शकतात. हें शिकणें पुनरावृत्तीनें होतें; पाढे पाठ होतात तसेंच. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो. नंतर तो मंदावतो, तरी सहा महिन्यांनंतर किंवा वर्षानंतरही दार बंद झालेलें नसतें. जोतीरावांच्या काळीं हें शास्त्र असतें, तर त्यांच्या उजव्या हातासही कदाचित् कांहीं धडे मिळाले असते. आज ज्याचा हात थोडा तरी हालतो, त्यानें दोन्ही गोष्टी कराव्या. दुबळ्या हातास रोज शिकवावें, आणि तो शिकेपर्यंत आपलें काम चांगल्या हातानें चालूं ठेवावें.

हाताला कामांतूनच शिकवावयाचें, या विचारास महाराष्ट्रांत शास्त्राचें रूप येण्यास पुढें साठ वर्षें लागलीं. दुसऱ्या महायुद्धांत हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठीं पुण्यांत १९४४ सालीं कृत्रिम अवयव केंद्र निघालें. मुंबईंत फातिमा इस्माईल यांनीं पोलिओनें अपंग झालेल्या मुलांसाठीं १९४७ सालीं संस्था उभारली. त्यानंतर कमलाबाई निंबकर पुढें आल्या. त्यांचें मूळचें नांव एलिझाबेथ लंडी, जन्म अमेरिकेंतला. विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह करून त्या हिंदुस्थानांत आल्या आणि येथल्याच झाल्या. महायुद्ध संपल्यावर त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या, फिलाडेल्फिया येथें व्यवसायोपचाराचें शिक्षण घेऊन परतल्या, आणि १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्यांनीं या विषयाची शाळा काढली. आशिया खंडांतील ती पहिली शाळा मानली जाते. १९५२ सालीं त्याच रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें भौतिकोपचाराची शाळा सुरू झाली. आणि १९५५ सालीं हाजी अली येथें पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली.

भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार यांतील भेद सोपा आहे. भौतिकोपचार करणारा सांधे मोकळे ठेवतो, स्नायूंस बळ देतो आणि तोल सांवरून चालावयास शिकवितो. व्यवसायोपचार करणारा विचारतो कीं, तुमचा धंदा काय, घरीं तुम्ही काय करीत होतां, आणि आतां तुम्हांस काय करावेंसें वाटतें. मग तेंच काम लहान तुकड्यांत पाडून तो शिकवितो. शिंप्यास कातर, गृहिणीस लाटणें, लेखकास लेखणी. जोतीरावांनीं कोणत्याही शाळेविना स्वतःसाठीं जो मार्ग शोधला, तोच येथें शास्त्रशुद्ध होऊन आला.

मुंबईंत हें सारें झालें. धानाच्या मुलखांत त्यांतलें काय पोंचलें? लाखांदूर तालुक्यास लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यांत डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांनीं स्थापिलेल्या ‘सर्च’ या संस्थेनें २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गांवांतील प्रत्येक मृत्यूची नोंद घेऊन कारण तपासलें. डॉक्टर योगेश्वर काळकोंडे यांच्या नेतृत्वाखालीं झालेला हा अभ्यास २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. एकूण १,५९९ मृत्यूंपैकीं २२९ पक्षाघातानें झाले होते. म्हणजे दर सात मृत्यूंमागें एक, आणि इतर कोणत्याही एका कारणापेक्षां अधिक. या २२९ पैकीं शेंकडा ८७ माणसें घरींच वारलीं. झटक्यानंतर पहिल्या महिन्यांत मृत्यु आलेलीं माणसें शेंकडा ४६ होतीं. याचा अर्थ असा कीं, निम्म्याहून अधिक माणसें पहिला महिना तरून गेलीं होतीं. ओसरीवरच्या बाजेवर त्यांचे पुढचे दिवस, महिने, कांहींचीं वर्षेंही गेलीं. त्या काळांत अंगास जखमा न होऊं देणें, घास श्वासनलिकेंत न जाऊं देणें, रक्तदाबाचें औषध न चुकविणें आणि रोज थोडें उभें करणें, या गोष्टींस जीवनमरणाचें मोल असतें.

दिघोरीसारख्या गांवापासून नागपूरचीं मोठीं रुग्णालयें शंभर किलोमीटरांच्या आसपास दूर आहेत. रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध आज उपलब्ध आहे, पण तें झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आंत, आणि मेंदूचें छायाचित्र पाहूनच देतां येतें. कारण रक्तवाहिनी फुटलेली असेल, तर तेंच औषध घातक ठरेल. म्हणून तोंड एका बाजूस वांकडें झालें, दोन्ही हात पुढें धरण्यास सांगतांच एक हात खालीं पडूं लागला, किंवा बोलणें अकस्मात् बोबडें झालें, तर वाट पाहूं नये. त्याच क्षणीं १०८ क्रमांकास दूरध्वनि करावा, झटका केव्हां आला ती वेळ लक्षांत ठेवावी, आणि तोंडानें पाणी, दूध, औषध कांहींही देऊं नये. मंत्रतंत्रांत आणि मालिशींत घालविलेला प्रत्येक तास मेंदूचा कांहीं भाग घेऊन जातो.

रुग्णालयांतून घरीं परतल्यावरचें काम लांबचें आहे, पण त्यास महागडीं यंत्रें लागत नाहींत. निजलेल्या रोग्याची कूस दर दोन तासांनीं बदलावी. दुबळा हात धरून त्यास कधीं ओढूं नये. खांदा निसटतो आणि ती वेदना महिनोन् महिने जात नाहीं. घास भरवितांना ताठ बसवावें, आणि ठसका लागत असेल तर वैद्यास दाखवावें. प्रकृति स्थिर झाली म्हणजे लवकरच बसविणें, उभें करणें सुरू करावें. पहिल्याच दिवशीं अतिरेक मात्र नको, कारण फार घाईनें तोटा होतो असें २०१५ सालच्या एका मोठ्या चांचणींत दिसून आलें. काठी चांगल्या हातांत द्यावी. पायरी चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना दुबळा पाय आधीं. हाताच्या शिक्षणास घरांतलींच कामें पुरतात. सुपांतील तांदळांतून खडे निवडणें, शेंगा सोलणें, दोरी वळणें, लोट्यांतून पाणी ओतणें. मोठ्या वस्तूंपासून लहान वस्तूंकडे यावें आणि रोज शेंकडों वेळां करावें.

आणखी एक गोष्ट शरीराची नसून मनाची आहे. पक्षाघातांतून वांचलेल्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश माणसांस खोल उदासीनता येते. तो हट्ट किंवा आळस नसून मेंदूच्या आघाताचाच एक भाग असतो, आणि त्यावरही उपचार आहेत. अशा माणसापुढें घरांतील निर्णय विचारार्थ ठेवावे, नातवंडांचा अभ्यास त्यास घेऊं द्यावा, बाजाराचा हिशेब त्यास लिहूं द्यावा. आपलें मत अजून कोणास तरी हवें आहे, हें कळल्यावांचून कोणीही सकाळीं उठून दुबळा पाय जमिनीवर टेकवीत नाहीं.

त्याचबरोबर शुश्रूषा करणाऱ्या माणसासही विसांवा मिळाला पाहिजे. सावित्रीबाईंसारखें बळ सर्वांच्याच ठायीं असेल असें गृहीत धरून एका सुनेवर किंवा एका पत्नीवर सारा भार टाकणें अन्यायाचें आहे. आठवड्यांतून एक दुपार शेजारणीनें बसावें, रात्रीच्या पाळ्या भावांनीं वांटून घ्याव्या, आणि आरोग्यकेंद्रांतून रक्तदाबाच्या गोळ्या आणण्याचें काम कोणा पोरानें अंगावर घ्यावें. एवढें गांव सहज करूं शकतें. मामा परमानंदांनीं पत्र लिहिलें, त्या वेळीं जोतीरावांच्या आयुष्याचे थोडेच महिने उरले होते. मदत मागावयाची ती आरंभींच मागावी.

‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ सालीं प्रसिद्ध झालें आणि तेव्हांपासून तें अनेकदां छापलें गेलें आहे. छापील पानावरून तें कोणत्या हातानें लिहिलें हें ओळखूं येत नाहीं. ज्यांच्या घरीं आज कोणी बाजेवर निजून आहे, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, त्या पानांमागें एका वृद्ध स्त्रीची शुश्रूषा, एका वैद्याची निष्ठा आणि एका आजारी माणसानें नव्यानें गिरविलेलीं मुळाक्षरें आहेत. यांतील एकही गोष्ट अशी नाहीं कीं जी दिघोरींत होऊं शकत नाहीं.